घुबैऱ्याचं पाणी आणि मी

दुबईहून गावी गेलं की आमच्या दापोलीकडची माणसं दोन प्रश्न हमखास विचारतात. तिकडे सोनं स्वस्त आहे ना? आणि तिकडे झाडं असतात का रे? सोन्याचं मला विचारू नका, मी फिटर माणूस. झाडांचं मात्र सांगतो. असतात. दुबईपासून दीड दिवसाच्या वाटेवर, डोंगरात, घुबैरा नावाचं चाळीस घरांचं गाव आहे. तिथे खजुरीची, लिंबाची, अगदी आंब्याचीसुद्धा झाडं मी ह्या डोळ्यांनी पाहिली. आधी हिरवी पाहिली, मग वाळलेली पाहिली. वाळली ती माझ्यामुळे. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. प्रवासाची गंमत ऐकायला बसलेल्या माणसाला शेवटी आपण फसलो असं वाटायला नको.

माझं नाव हसन मुकादम. बंदरावर लाँचच्या इंजिनात हात काळे करत शिकलो, सात वर्षांपूर्वी इकडे आलो आणि दुबईच्या बाजारपेठेत, देऱ्यातल्या एका दुकानात लागलो. दुकानात डिझेलचे विलायती पंप खोक्यांतून येतात. ज्याने विकत घेतला त्याच्या विहिरीवर नेऊन तो बसवून द्यायचा, चालू करून दाखवायचा आणि परत यायचं, एवढं माझं काम. इकडे सात शेखांची सात राज्यं, रस्ता म्हणावा असा कुठेच नाही, त्यामुळे माझी नोकरी म्हणजे अर्धी मेकॅनिकची आणि अर्धी हमालाची.

घुबैऱ्याला मी दोनदा गेलो. पहिल्यांदा थंडीत. राशिद नावाचा तिथला एक माणूस कुवेतला तेलाच्या कामावर पाच वर्षं राबून परत आला होता. त्याने पंप घेतला. गावाच्या वरच्या अंगाला, कोरड्या नदीच्या पात्रात, त्याची विहीर होती आणि त्या विहिरीवर बैलाची मोट चालायची. होय, मोट! घाटावरच्या माणसाला घरच्यासारखं वाटेल. राशिदला मोटेचा कंटाळा आला होता. कुवेतला बटण दाबलं की काम होतं हे बघून आलेला माणूस बैलाच्या मागे कशाला चालेल?

पण गावाचा जीव त्या विहिरीत नव्हता. तो होता पाटात. फलज म्हणतात त्याला. डोंगराच्या पोटातून, माणूस वाकून चालेल एवढ्या भुयारातून पाणी येतं आणि गावाच्या डोक्यावर उघड्यावर पडतं. तिथून दगडी पाटाने घरोघरच्या बागेत. कोणी खणला विचारलं तर आजोबांच्या आजोबांकडे बोट दाखवतात. हे पाणी वाटून देणारा एक माणूस असतो, त्याला आरीफ म्हणायचं. घुबैऱ्याचा आरीफ होता खल्फान. साठीचा, किडकिडीत, दाढीला मेंदी लावलेला. मशिदीच्या अंगणात त्याने एक काठी रोवली होती आणि भोवती दगड मांडले होते. काठीची सावली दगडावर आली की एकाची पाळी संपली. मग खल्फान उठायचा, एका बागेचं तोंड चिखलाने आणि काथ्याने बुजवायचा आणि दुसऱ्याचं उघडायचा. झालं. कुणाचा आवाज नाही, तक्रार नाही. आमच्याकडे वीतभर बांधासाठी सख्खे भाऊ कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. इथे चाळीस घरं एका म्हाताऱ्याच्या काठीवर चालत होती. मला फार नवल वाटलं.

तिथली आणखी एक जुनी रीत अशी की, फलजच्या उगमाजवळ ठरलेल्या पावलांच्या आत कोणी नवी विहीर काढायची नाही, जुनी खोल करायची नाही आणि पाणी ओढायची रीतसुद्धा बदलायची नाही. बदलायची तर आरीफची परवानगी लागते. राशिदची विहीर त्या पावलांच्या आतच होती. म्हणून पंप बसवायच्या आदल्या दिवशी खल्फान माझ्याकडे आला, शेजारी उकिडवा बसला आणि त्याने इंजिनावरून हात फिरवला.

"हसन, हे दिवसभर पाणी ओढणार. आमच्या फलजचं पाणी कमी नाही ना होणार?"

आता मी फिटर. मला पंपाचं कळतं. जमिनीच्या पोटातलं मला काय कळतं? "माहीत नाही चाचा" एवढं म्हणायला जीभ झिजली असती का? पण नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"चाचा, माझ्या मुलुखातली गोष्ट सांगतो," मी म्हणालो. "विहीर जितकी उपसाल तितके तिचे झरे मोकळे होतात. न उपसलेली विहीर मरते. ओढा बिनघोर. पाणी वाढेल, कमी नाही होणार."

खोटं नव्हतो बोलत. आमच्याकडे हे पोराटोरांनाही ठाऊक आहे. दर वैशाखात माझे अब्बा घरची विहीर तळापर्यंत उपसायचे, गाळ काढायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर विहिरीत पुरुषभर पाणी. रहाट बंद पडलेली विहीर हिरवी होते, शेवाळते, तिचं पाणी कोणी तोंडात घेत नाही. कोकणातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, हेच सांगेल. फक्त कोकणात वर्षाचे चार महिने आभाळ फाटतं. घुबैऱ्यात पाऊस पडला तर हिवाळ्यात, आणि तोही धड पडून तीन हिवाळे झाले होते. हेसुद्धा मला खल्फाननेच जेवताना सांगितलं होतं. ह्या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

लोखंड कळतं त्याला पाणीही कळत असणार, असं त्या भल्या माणसाने धरलं. शुक्रवारी नमाज झाल्यावर मशिदीच्या दारात उभा राहून त्याने सगळ्यांना सांगितलं, "हा हिंदुस्थानी म्हणतो पाणी वाढेल. माझी परवानगी आहे." सोळा माणसांनी खजुरीच्या खोडांना बांधून ते इंजिन गाणी म्हणत घळीतून वर आणलं होतं, तेच सोळा जण पाणी उसळलं तेव्हा नाचले. मीही नाचलो. खल्फानच्या बायकोने, उम्म सालिमने, परतताना माझ्या पिशवीत खजूर आणि लिंबं भरून दिली. दुबईत आठवडाभर मी सगळ्यांना ती लिंबं दाखवत होतो.

देरा ते धैद

दुसऱ्यांदा गेलो तो पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात, खजूर पिकायला लागते त्या दिवसांत. निरोप आणला मुराद बलुचीने. मुरादची लँडरोव्हर ह्या वाटेवर मालाच्या फेऱ्या करते. दुकानाच्या दारात गाडी थांबवून तिथूनच ओरडला, "हसनभाई, घुबैरावाला मशीन बीमार है! पानी नहीं उठाता!"

मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. देऱ्यातल्या त्या दमट भट्टीतून चार दिवस सुटका. व्हॉल्व्हचं चामडं गेलं असणार, अर्ध्या तासाचं काम. मी वॉशर, चामडं, पाने घेतले. शेट म्हणाले, "तीस फूट पाइप पण टाक गाडीत. लागला तर लागला." टाकला.

वाळूत शिरण्याआधी मुराद टायरमधली हवा कमी करतो, म्हणजे गाडी रुतत नाही. तरी रुतली. दोनदा. फळ्या काढा, चाकाखाली घाला, ढकला, पुन्हा फळ्या उचला आणि गाडीमागे पळा. दुसऱ्या वेळी माझी एक चप्पल चाकाखाली जी गेली ती गेलीच. वाळू उकरून उकरून शोधली, मिळेना. मुराद हसून हसून स्टिअरिंगवर पडला. "यल्ला हसनभाई, रेगिस्तान ने टॅक्स ले लिया!" एका पायात चप्पल घालून मी गाडीत बसलो, मग तीही बाहेर फेकली.

संध्याकाळी धैदला पोचलो. उघड्या माळावर एकदम खजुरीचं दाट बन लागतं आणि अंगावरचा ताप उतरतो. तिथे चटईवर बसून भात आणि सुकट खाल्ली. चक्क सुकट! डोंगरापलीकडच्या खोर फक्कानच्या किनाऱ्यावर मासळी वाळवतात आणि गाढवांवरून इकडे आणतात. आमच्या हर्णैच्या बाजारातला वास जसाच्या तसा. फक्त आम्ही कांदा, कोकम घालून परततो आणि हे लोक नुसतं लिंबू पिळतात. मी पोटभर जेवलो. एका दुकानात चपलाही मिळाल्या, दोन्ही डाव्या पायाच्या. त्याच घातल्या.

घळ

दुसऱ्या दिवशी गाडी डोंगराच्या तोंडाशी थांबते. पुढे दोन तास पायी, गाढवांच्या पाठीवर सामान. पाइपचे तुकडे गाढवाच्या दोन्ही बाजूंना बांधले होते. प्रत्येक वळणावर ते कातळात अडकायचे, की गाढव मागे, आम्ही पुढे, आणि मुरादच्या तोंडी बलुची शिव्या. माझे दोन डावे पाय दगडांवरून चालत होते.

अर्ध्या वाटेत वरून तीन गाढवं खाली आली. एकावर भांडी, एकावर चटया आणि गाठोडी, आणि तिसऱ्यावर एक दार बांधलेलं. घराचं लाकडी दार, कड्याकोयंड्यासकट. मागे नवराबायको आणि दोन मुली.

"कुठून?" मुरादने विचारलं.

"घुबैऱ्यातून."

"आणि कुठे?"

"धैदला. तिथून अल्ला नेईल तिकडे."

त्या नवऱ्याला मी ओळखलं. इंजिन वर नेताना तो पुढच्या खोडाला होता, सगळ्यांत मोठ्याने गात होता. मी सलाम केला. त्याने सलामाचं उत्तर दिलं, कारण द्यावंच लागतं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. मुरादला विचारलं, "हे दार का नेतायत?" तो म्हणाला, "लकडी इधर कहाँ मिलती है, भाई. जिसको वापस नहीं आना, वो दरवाज़ा ले के जाता है."

पहिल्या खेपेला घळ संपायच्या आधीच पाटाचं पाणी कानावर यायचं. ह्या वेळी घळ संपली तरी काही ऐकू येईना. पाट कोरडा होता. त्याच्या तळात शेळ्यांच्या लेंड्या पडल्या होत्या. खजुरीच्या खालच्या झावळ्या पिवळ्या पडून लोंबत होत्या आणि लिंबाच्या बागा, उम्म सालिमची लिंबं जिथली होती त्या बागा, नुसत्या काटक्या झाल्या होत्या. आंब्याची दोन झाडं होती, पैकी एक तोडून सरपणाला रचून ठेवलं होतं. पाटाच्या काठाला धरून मी तिथेच खाली बसलो. मुराद गाढवांवरचा पाइप सोडायला लागला.

खल्फान अंगणात सामोरा आला. पहिल्यासारखाच छातीवर हात, "अहलन, अहलन", पहिल्यासारखीच चटई. तिथे पाहुणा तीन पेले कॉफी प्यायल्याशिवाय कामाचं बोलायचं नसतं. आमच्याकडे दारातच "काय काढलंत?" असं विचारून मोकळे होतात, ते किती बरं, असं त्या दिवशी वाटलं. तीन पेले संपेनात माझे. उम्म सालिमने हात धुवायला तांब्याने पाणी घातलं. मी दुकानात धुतो तसे चोळून चोळून धुतले. मग खाली पाहिलं तर तिने भांडं धरलं होतं आणि माझ्या हातावरून पडलेलं पाणी ती शेळीकडे घेऊन गेली. शरमेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कॉफीला डिझेलचा वास येत होता. ते राशिदच्या टाकीतलं पाणी होतं. गावात दुसरं पाणीच उरलं नव्हतं.

विहिरीवर

सकाळी विहिरीत उतरलो. पंप मी आतल्या कट्ट्यावर बसवला होता, तो उघडला. व्हॉल्व्ह ठीक. चामडं ठीक. इंजिन तर नव्यासारखं, राशिदने मुलासारखं जपलेलं. बिघाड काही नव्हताच. खाली पाइपचं तोंड हवेत लोंबत होतं आणि त्याच्याखाली दोन पुरुष खोल ताजं खणलेलं होतं. तळाला थोडं पाणी चमकत होतं.

"तळ कधी खणलास?" मी वर येऊन राशिदला विचारलं.

"महिना झाला. माणसं लावून."

"आरीफला विचारलंस?"

राशिदने विहिरीकडे बोट केलं. तो म्हणाला, "पाणी खाली आहे. पंप खाली घे. पाइप आणलायस ना? मग बघतोस काय?"

"राशिद, मशीन बंद कर," मी म्हणालो. माझा आवाज चढला. "विहीर आणि फलज एकच पाणी पितात. तू वर ओढतोस म्हणून खाली आटलं. मशीन बंद ठेव, दोन हिवाळे पाऊस पडला तर फलज परत येईल. पंप आणखी खाली नेलास तर खलास. कायमचा गेला."

"आणि दोन हिवाळे लोक काय पितील?" राशिद म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते. "पाट आटल्यावर माझ्या टाकीवर अख्खं गाव येतं. मी कुणाला अडवलं? कुणाकडून काही घेतलं? विचार जा. तूच बसवून गेलास, तूच म्हणालास पाणी वाढेल. आता बंद कर म्हणतोस? मी दुसरा फिटर आणीन, हसन. दुबईत फिटर पुष्कळ."

त्याचं काय चुकत होतं सांगा. मला त्याचा राग आला होता आणि राग करायला जागा सापडत नव्हती, म्हणून आणखीच राग आला. मी पाने पेटीत आपटले आणि खल्फानकडे गेलो.

तो मशिदीच्या अंगणात बसला होता. समोर काठी होती, सावली होती, दगड होते. पाळी कोणाचीच नव्हती. मी त्याच्यापुढे बसलो आणि सरळ बोलून टाकलं. "चाचा, माझी चूक झाली. माझ्या मुलुखात पाऊस आहे. तिथे विहीर उपसली की भरते. इथलं मला काही माहीत नव्हतं आणि मी तोंड वर करून बोललो. मला माफ करा."

तो काठीच्या सावलीकडे बघत राहिला. त्याने मला जोड्याने मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं," तो म्हणाला. "सावली दगडावर यायच्या आत पाटातलं पाणी बारीक व्हायला लागलं."

"मग तुम्ही मशीन बंद का नाही केलं? तुम्ही आरीफ. तुमचा शब्द..."

"शब्द देऊन बसलो होतो ना. मशिदीच्या दारात, सगळ्यांसमोर. आज हो म्हणायचं, उद्या नाही म्हणायचं, मग उद्या माझ्या काठीवर कोण विश्वास ठेवणार?" त्याने दाढीवरून हात फिरवला. "आणि फलज कमी झाला तेव्हा सगळे जमले. काय करायचं? तेव्हा मीच म्हणालो, हसन सांगून गेलाय, जितकं उपसाल तितके झरे मोकळे होतील. कमी उपसलं असेल आपण. म्हणून मग आम्ही मशीन जास्त चालवलं. आधी सकाळी चालायचं, मग दिवसभर. राशिदला डिझेल परवडेना तर प्रत्येक घराने डबा डबा दिला."

अहो, पाणी आटत चाललंय आणि चाळीस घरं पोटाला चिमटा काढून ते आटवायला डिझेल पुरवतायत! कशावर? तर दापोली तालुक्यातल्या एका मुकादमाच्या पोराच्या ऐटबाज वाक्यावर. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे रिकामा बैल माझा नव्हता, त्यांचा होता. मी रडलो. खल्फानने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तू वाईट इच्छेने नाही बोललास." त्यावर तर मला तिथून पळून जावंसं वाटलं.

चौथा दिवस

सकाळी मी मुरादला म्हणालो, "गाढवं बांध. मी पंपाला हात लावणार नाही. दुसरा येऊन लावेल तर लावू दे, निदान माझ्या हातून नको." पाइप परत न्यायला बांधला. मनाला बरं वाटत होतं. एक तरी गोष्ट आपण नीट केली, असं.

तेवढ्यात खल्फान आणि राशिद दोघे आले, मागे गावातली उरलीसुरली माणसं. वीसेक असतील. बाकीची गेली होती, दारं घेऊन.

"पंप खाली उतरव," खल्फान म्हणाला.

"चाचा, तुम्ही म्हणता? फलज परत यायची आशा..."

"हसन, टाकीत कालपासून पाणी नाही. शेळ्यांचं मी बोलतच नाही. ह्या बायका सकाळपासून रिकाम्या डब्यांनी फिरतायत. पाऊस दोन हिवाळ्यांनी येईल, नाहीतर येणारही नाही. त्यांनी आज काय प्यायचं?"

मी राशिदकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. मग खल्फानने जे केलं ते मी विसरू शकत नाही. तो फलजच्या तोंडाशी गेला आणि तिथून विहिरीपर्यंत पावलं मोजत आला, मोठ्याने, जशी त्याच्या बापाने आणि आजाने मोजली असतील तशी. विहिरीच्या काठाशी थांबून, सगळे ऐकतील असं म्हणाला, "विहीर रीतीच्या पावलांच्या आत आहे. खोल केली आहे. मी आरीफ, माझी परवानगी आहे." एक म्हातारी ओढणी तोंडावर घेऊन हुंदका देऊन रडली.

मी उतरलो. हो, मीच उतरलो. खाली नवा कट्टा खोदला, पंप दोरांनी उतरवला, पाइप जोडला. दुपारभर काम केलं. मुराद वरून घामाने निथळत दोर धरून होता. दुपार कलल्यावर, असरच्या नमाजच्या सुमारास इंजिन चालू केलं आणि पाणी आलं. गढूळ, मग स्वच्छ. पहिल्या वेळी नाचले होते. ह्या वेळी बायकांनी डबे, पखाली आणल्या आणि रांग लावली. खल्फानही डबा घेऊन रांगेत उभा राहिला, पाचवा की सहावा. राशिद त्याला म्हणाला, "चाचा, तुम्ही पुढे या." तो आला नाही. पाळी येईपर्यंत थांबला, डबा भरला आणि घरी गेला.

जेवायला उम्म सालिमने पातळ रोट्या केल्या होत्या, सुकट होती. न खावं तर तिचा अपमान, म्हणून पाण्याशिवाय गिळत राहिलो.

परत

निघताना खल्फान घळीच्या खालच्या टोकापर्यंत, दोन तास, आमच्याबरोबर चालत आला. नको म्हटलं तरी आला. मुराद गाडीला पाणी घालत होता, तेव्हा मला बाजूला घेऊन त्याने विचारलं, "हसन, दुबईत पाणी कसं वाटतात?"

"वाटत नाहीत चाचा. विकतात. गाढवगाडीवरून, डब्याने."

"मग कोणाला किती, ते कोणी ठरवत असेलच की," तो म्हणाला. "मला दुसरं काही येत नाही. खजुरीवर चढायचं वय गेलं. पण पाण्याच्या बाबतीत माझ्या हातून आजवर कोणावर अन्याय झाला नाही, हे तू कोणालाही सांगू शकतोस. मला काही काम मिळेल का?"

काय बोलणार होतो मी? नाही म्हणायची हिंमत पहिल्या वेळीही झाली नव्हती. "मिळेल की चाचा," मी म्हणालो. "का नाही मिळणार? देऱ्यात आमच्या दुकानावर या. माझं नाव सांगा. मी बघतो, इन्शाल्ला." त्याने माझे दोन्ही हात धरले, नाकाला नाक लावलं, तिकडची रीत आहे तशी, आणि माझ्या पायांकडे बघून म्हणाला, "अरे, ह्या दोन्ही डाव्या आहेत." मग तो वर चढायला लागला. मी वळून पाहिलं नाही.

दुकानात शेटने पाठ थोपटली. घुबैऱ्याचा पंप इतक्या खोलवरून ओढतो हे ऐकून आजूबाजूच्या दोन गावांनी मागणी पाठवली होती. त्या दोन्ही ठिकाणी मी जाऊन आलो. तिथेही फलज आहेत, तिथेही आरीफ आहेत. मला कोणी काही विचारलं तर मी म्हणतो, मला अरबी नीट येत नाही.

खल्फान थंडी सुरू होता होता आला. दुकानाच्या पुढच्या काचेतून मी त्याला खाडीच्या बाजूने येताना पाहिलं. दाढीची मेंदी उतरली होती. मागे उम्म सालिम गाठोडं घेऊन उभी होती आणि मुरादच्या लँडरोव्हरच्या टपावर एक दार बांधलेलं होतं. तो दुकानासमोर थांबला आणि दारातल्या हमालाकडे त्याने माझं नाव घेऊन चौकशी केली. मी काय केलं असेल? मी मागच्या दाराने गोदामात गेलो आणि पंपांच्या खोक्यांमागे बसलो. हमाल आत हाका मारून गेला, मी ओ दिली नाही. दुपारची बांग झाली, असरची झाली. मग गोदामाच्या फटीतून पाहिलं तर ते दोघे अजून रस्त्यापलीकडे भिंतीच्या सावलीत बसले होते. सावली सरकली की तेही सरकत होते. सूर्य बुडायच्या, मगरिबच्या बांगेच्या जरा आधी ते उठले, मुरादने गाडी सुरू केली, आणि ते गेले. कुठे गेले ते मुरादला ठाऊक आहे. मी त्याला अजून विचारलेलं नाही.